बोंबलांवर घेतलेला आळ

ही गोष्ट मी आजवर निदान पन्नास जणांना सांगितली आहे आणि पन्नासही वेळा तिचा शेवट बदलला आहे. एका शेवटात मी बंद पडलेली डिस्क नुसत्या तळहाताच्या उबेवर जिवंत केली. एकात कोळीवाड्यातल्या बायांनी मला खांद्यावर घेऊन जेट्टीपर्यंत मिरवलं. एका लग्नाच्या पंगतीत समोर ऐकणारे चांगले मिळाले म्हणून मी त्यात एक होडीसुद्धा घातली. खरा शेवट फक्त तिघांना माहीत आहे: माझ्या बायकोला, त्या घराला आणि त्या गल्लीला. आता इथे लिहितोय. लिहिताना हात आखडतो, कारण कागदावर ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि कुठे फुगवायचं ते कळत नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. अंधेरीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगीच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. दुकान एवढं लहान की मी आत शिरलो की गिऱ्हाईक आपोआप बाहेर पडतं. पण नाव मोठं. गोरेगावच्या एका स्टुडिओतलं मशीन मी फोनवरून बरं केलंय. इकडे मी नुसता खाकरलो, तिकडे ते चालू झालं. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात डबा उघडला तर आतून झुरळांची वरात निघाली, घोडा तेवढा नव्हता. मुलुंडच्या एका वकिलाच्या मशीनमध्ये पालीने अंडी घातली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत मी थांबलो, मग पंखा बदलला. यातलं किती खरं ते विचारू नका. झुरळं खरी आहेत.

धंद्याचं एक गुपित सांगतो. गिऱ्हाइकाला बिघाडाचं खरं कारण नको असतं, दिसणारं कारण हवं असतं. "ड्रायव्हर जुळत नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस संशयाने बघतो, मीच काहीतरी लपवतोय असं. त्याऐवजी बोट दाखवता येईल असा गुन्हेगार दिला की तो खूश. म्हणून मी वस्तीवार गुन्हेगार ठरवून ठेवले होते. घाटकोपरला फरसाणाच्या कढईचा तेलकट धूर. मुलुंडला देवघरातली उदबत्ती. कांजूरमार्गला डम्पिंगची हवा. बोरिवलीला कबुतरं, बोरिवलीत काहीही बिघडलं तरी कबुतरंच. गिऱ्हाईक मान डोलवायचं, घरातल्या घरात दोन शब्द व्हायचे, उदबत्ती चार दिवस दुसऱ्या खोलीत जायची आणि पाचव्या दिवशी परत यायची. कुणाचं काही जात नव्हतं.

वेसाव्यात गेलं.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका घरचा लॅपटॉप मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. घरात सासू आणि सून. सुनेचा नवरा बोटीवर असायचा, तो मला कधी भेटलाच नाही. सून पंचेचाळिशीची, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात टायपिंग करायची. मला दादा म्हणायची. सासू पंचाहत्तरीच्या पुढची, आणि ती धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्याला धवळा म्हणतात आणि ते गाणारी ती धवलारीण. धवलारीण गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. त्या गल्लीतली सगळी लग्नं या एका गळ्यातून पार पडलेली. आणि यातली एकही ओळ कुठे लिहिलेली नव्हती. तिच्या सासूने गायलं, तिने ऐकलं, असंच ते आलं होतं.

आता म्हातारी विसरायला लागली होती. एखादा धवळा सुरू करायची, पाच ओळी नीट जायच्या, सहाव्या ओळीला थांबायची. मग परत पहिल्यापासून. परत सहाव्या ओळीला भिंत.

सून हुशार. हे सुरू व्हायच्या आधीच तिने वर्षभर सुट्टीच्या दुपारी सासूला बोलतं करून सगळे धवळे फोनवर रेकॉर्ड केले होते. फोन भरत गेला तसे ते लॅपटॉपवर टाकले आणि फोनवरून काढले. दुसरी प्रत नाही. आता सुनेच्या मुलीचं लग्न ठरलेलं, तीन आठवड्यांवर आलेलं, आणि नातीच्या लग्नात धवळे मीच गाणार हा म्हातारीचा हट्ट. रोज सकाळी लॅपटॉप लावायचा, म्हातारीने स्वतःचाच जुना आवाज ऐकायचा आणि त्याच्या मागून म्हणायचं, असा सराव चालू होता. तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. गाण्यात घरघर ऐकू येते म्हणून त्यांनी मला बोलावलं.

पंखा साफ करायचा होता. एवढंच. ब्रश मारायचा, चहा प्यायचा, परत यायचं.

पण दारात सात-आठ बाया जमल्या होत्या. बाजार उरकून आलेल्या, रिकाम्या टोपल्या बाजूला टाकून पायरीवर टेकलेल्या. माझ्यापुढे आठ माणसं जमली की माझ्या अंगात येतं.

"ताई, पंख्याचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं. "अख्खं मशीन पहिल्या दिवसासारखं करून देतो. बायोससुद्धा नवं टाकतो."

"ता काय आनि?" म्हातारीने विचारलं.

"मावशी, मशीन सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा जे बोलतं ना, ते बदलून देतो."

"आमचा नवरा पन उठल्या उठल्या काय काय बोलतो," पायरीवरची एक म्हणाली. "त्याचा पन बदलून दे की."

सगळ्या हसल्या. मी जास्त हसलो. बायोस बदलायची काडीचीही गरज नव्हती. ते बदललं की आतल्या सगळ्या सेटिंग कारखान्यातून निघाल्या तशा होतात, हेही मला माहीत होतं. पण हशा चालू होता. मी बटण दाबलं.

मशीन बंद झालं, चालू झालं, ठिपके गोल गोल फिरले आणि निळा पडदा आला. आपोआप परत चालू, परत निळा. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. माझ्या कानामागून घाम निघाला. नवी सिस्टीम टाकायची पेनड्राइव्ह मी खिशात घेऊनच फिरतो, ती लावली. तिने शोधाशोध केली आणि सांगितलं की या मशीनमध्ये एकही डिस्क सापडत नाही.

इथे मी दोन मिनिटं गप्प बसलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आठ बाया बघत होत्या आणि मी आयुष्यात कधी सलग दोन मिनिटं गप्प बसलेलो नाही.

"काय झाला रं?" म्हातारी म्हणाली.

"मावशी, डिस्क गेली."

"कुठं गेली?"

"मेली."

पायरीवरचं हसू थांबलं. सून माझ्याकडे बघायला लागली. "दादा, त्याच्यावरच आईंचं सगळं आहे," ती म्हणाली.

"कशान मेली?" म्हातारीने विचारलं.

आता गुन्हेगार पाहिजे होता. मी मान वर केली आणि तो दारातच उभा होता. म्हातारीची वलांडी, म्हणजे बांबूंना आडवे दोर बांधून केलेला मांडव, त्यावर ती मासळी सुकवायची. त्या दिवशी दोरांवर ताजे बोंबील लटकत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने, उन्हात काचेसारखे चमकत. मी लॅपटॉप उचलला, उलटा केला, हवा बाहेर टाकायच्या फटी नाकाला लावल्या आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. वैद्यबुवा नाडी बघतात तसा.

"हं," मी म्हटलं. "खारं वारं. आणि ही बाहेरची मासळी. सुकताना तिचा जो अर्क हवेत उडतो ना, तो फटीतून आत जातो आणि डिस्क खातो. आत चाळण झाली असणार."

अर्क हा शब्द मला तिथल्या तिथे सुचला. मला तो फार आवडला.

आणि मग कशी गंमत झाली बघा. मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. "तरीच आमचा मिक्सर गेला," एक म्हणाली. "आमच्या टीवीवर पन रेघा येतात," दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली, "मी मागंच बोललेली हिला, वलांडी जरा पुढं घे म्हनून." या बायांच्या चार पिढ्या बोंबील सुकवत आलेल्या, त्यांच्या दारात, त्यांच्या बोंबलांविषयी मी जे काय बरळलो ते त्यांनी पाच मिनिटांत खरं करून टाकलं. कारण मी कॉम्प्युटरवाला होतो.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हातारीने विचारलं, "माज्या बोंबलान माजे धवले खाल्ले?"

"तसंच म्हणायचं, मावशी."

तिने स्वतःचे हात बघितले. सकाळपासून बोंबील लावत होती, बोटांना खवले नव्हते पण ओल होती. तिने ते लुगड्याला पुसले. मग परत पुसले.

मी लॅपटॉप पिशवीत टाकला. "नेऊन बघतो. पण आशा ठेवू नका." हीसुद्धा धंद्याची रीत. आधी सगळं गेलं म्हणून सांगायचं, मग जे परत येईल त्यात आपला मोठेपणा.

चार दिवस लॅपटॉप पिशवीतच होता. कामं होती, असं मी सांगायचो. कामं कसली, चार दिवस मी डिस्क खाणाऱ्या बोंबलाची गोष्ट सांगत फिरत होतो. चहाच्या टपरीवर, वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये, केस कापताना. तिसऱ्या दिवसापर्यंत बोंबलाला दात फुटले होते. म्हणजे बोंबलाला दात असतातच, पण माझ्या गोष्टीत तो रात्री दोरावरून उतरून यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप टेबलावर घेतला, झाकण उघडून डिस्क काढली आणि दुसऱ्या डबीत घालून माझ्या मशीनला लावली.

टुण्ण.

उघडली. एका सेकंदात. सगळं जागच्या जागी. सोसायटीची पत्रं, नातीचे साखरपुड्याचे फोटो आणि एक फोल्डर. त्यात मांडव, देवक, हळद अशा नावांच्या फायली, एकेका विधीच्या तीन-तीन, चार-चार. एक लावली. म्हातारीचा आवाज दुकानात भरला, भक्कम, दोन वर्षांपूर्वीचा, कुठेही न अडखळणारा. मागे कसली तरी ओली फटफट ऐकू येत होती. दोन ओळींच्या मध्येच ती ओरडली, "हाड! हाड! मेल्या कावल्या, तुज्या बापाचे हायत काय?" आणि जिथे सोडला होता त्याच शब्दावर धवळा परत उचलला.

ती बोंबील लावता लावता गात होती. फटफट त्यांचीच होती. सगळे धवळे त्या वलांडीखाली बसून गायलेले होते, आणि मी त्या वलांडीलाच खुनी ठरवून आलो होतो.

डिस्क ठणठणीत होती. मग झालं काय होतं? सांगतो, फार सोपं आहे. मशीनमध्ये डिस्क असते आणि सिस्टीम असते, पण दोघींचं थेट बोलणं नसतं. मध्ये कंट्रोलर असतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. त्या वॉचमनशी कुठल्या भाषेत बोलायचं ते सिस्टीमला ड्रायव्हर शिकवतो. बायोसमधली एक ओळ बदलली की गेटवर दुसरा वॉचमन येतो आणि त्याची भाषा निराळी. सिस्टीमकडे त्या भाषेचा ड्रायव्हर नाही. ती गेटवर घसा फोडते, आत सोडत नाहीत, शेवटी चक्कर येऊन पडते. तोच निळा पडदा. माझी पेनड्राइव्ह गेली, तिलाही ती भाषा येईना. तिने परत येऊन सांगितलं, इथे कोणी राहत नाही. आणि मी, अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, वर घरात मालक चहा पीत बसलेला असताना खाली त्याच्या तिरडीची तयारी केली.

वॉचमन कोणी बदलला? मीच. हशा पिकला म्हणून बायोस टाकलं तेव्हा.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, होतं असं, माणूस आहे. डिस्क परत बसवून मी लॅपटॉप स्क्रू लावायला उलटा केला. हवेच्या फटींपासून दोन बोटांवर एक पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: "कंट्रोलरची सेटिंग बदलली आहे. रिसेट करू नये." खाली सही. सही माझी होती.

दोन वर्षांपूर्वी नव्या लॅपटॉपवर सिस्टीम टाकताना हाच घोळ झाला होता. तेव्हा मी अर्धा दिवस डोकं लावून, कुणाला एक शब्दही न सांगता, ती सेटिंग शोधून बदलली होती आणि पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी शहाण्यासारखी चिठ्ठी लावली होती. पुढे आलो मीच. आणि चिठ्ठी नाकापासून दोन बोटांवर असताना मी डोळे मिटून अर्क हुंगत होतो.

बायोस उघडलं, एक ओळ बदलली, जतन केलं. लॅपटॉप सुरू झाला. सगळं मिळून दोन मिनिटं.

त्याच दिवशी दुपारी वेसाव्याला गेलो. निघताना खरं सांगायचं असं ठरवलं होतं की नाही, हे आता नक्की आठवत नाही. ठरवलं होतं असं लिहायला बरं वाटलं असतं.

घरासमोर वलांडी नव्हती. म्हणजे बांबू होते, भिंतीला टेकवून ठेवलेले, दोर सोडून गुंडाळलेले. जमिनीत चार भोकं दिसत होती. दार उघडं होतं. आत चटईवर म्हातारी आणि तिच्याच वयाच्या दोघीजणी बसल्या होत्या. एक धवळा तिघी मिळून जुळवत होत्या. पाच ओळी झाल्या. सहावीला तिघी थांबल्या. एकीने कसलातरी शब्द पुढे केला.

"तो नाय गं," म्हातारी म्हणाली. "तो हलदीचा."

परत पहिल्यापासून.

मी लॅपटॉप चटईवर ठेवला, उघडला आणि त्याच धवळ्याची फाईल लावली. म्हातारीने स्वतःचा आवाज ऐकला. ती आधी दचकली. मग सहावी ओळ आली आणि ती त्या ओळीत शिरली, ओळीच्या पलीकडे गेली, पार शेवटापर्यंत गेली. दोघी मैत्रिणी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आतून सून धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं, तसेच हात तिने डोळ्यांना लावले.

"दादा, कसं केलंत?"

दार उघडं होतं. खरं सांगून त्यातून सरळ चालत जायचं होतं. मी म्हटलं, "ताई, काय सांगू. चार दिवस जेवणावर लक्ष नाही. डिस्कचा एकेक कण वेगळा केला, धुतला, परत जागेवर बसवला. दुसरा कोणी असता तर फेकून दिली असती."

म्हातारी उठली. गुडघे धरून उठायला तिला वेळ लागला. "मी काडली वलांडी," ती मला म्हणाली, जशी काही हजेरी देत होती. "त्याच दिवशी काडली. आता पुतन्याच्या दारान सुकवते, तिकडं जेट्टीकडं." जेट्टी त्या घरापासून चांगली दूर. ते गुडघे घेऊन ती दिवसातून चार वेळा तिथे जात होती, बोंबील उलटायला.

मग तिने हळूच विचारलं, "आता परत दारान बांदली, तर परत खातील काय?"

एक शब्द पुरला असता. नाही. दोन अक्षरं. मी एवढा बडबड्या माणूस, मला ती दोन अक्षरं सापडली नाहीत. "नकोच, मावशी," मी म्हटलं. "लांबच बरं."

ती बरं म्हणाली आणि आत गेली. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं आणून तिने माझ्या हातात ठेवलं. "दारावरचे शेवटचे हायत. घरी दे."

मी घेतलं. थँक यू पण म्हटलं.

आमच्याकडे मासळी आवडीने खातात. संध्याकाळी बायकोने पुडकं सोडलं, बोंबलांची डोकी-शेपट्या काढल्या आणि तुकडे तव्यावर टाकले. घरभर वास सुटला. मी ओट्याला टेकून तिला गोष्ट सांगायला लागलो. छान रंगली होती. अर्कावर ती हसली. नवरा बदलून मागणाऱ्या बाईवर तर उलथनं ठेवून हसली. चिठ्ठीपाशी आलो तेव्हा मीही हसत होतो. तिचं हसू हळूहळू कमी झालं.

"म्हणजे बोंबलांचा काही संबंधच नव्हता?"

"नव्हता."

"आणि त्या बाईने वलांडी काढली."

"काढली."

"आणि तुम्ही आज तिला काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

तिने गॅस बंद केला. तव्यावर तुकडे अर्धवट भाजलेले, एका बाजूने तांबूस, एका बाजूने पांढरे. "मग खा तुम्ही," ती म्हणाली आणि हात धुवायला लागली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. माझ्या थापांवर ती चिडली आहे, कंटाळली आहे, चारचौघांत तिने मला उघडं पाडलं आहे. पण माझ्याकडे न बघता साबण लावत राहिली, असं कधी झालं नव्हतं. मी तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला. परत तव्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता वेसाव्याला गेलो. सून ऑफिसला गेली होती. म्हातारी उंबऱ्यात बसून काट्याने पायातलं काहीतरी काढत होती.

"परत आलास? काय ऱ्हायला काय?"

मी समोर उकिडवा बसलो. "मावशी, असं बघा, हे कॉम्प्युटरचं शास्त्र म्हणजे फार गुंतागुंतीचं असतं..."

"सरल बोल."

सरळ बोललो. वॉचमनचंही सांगितलं, कारण त्याशिवाय मला सरळ सांगता येत नव्हतं. चिठ्ठीचं सांगितलं. चार दिवस पिशवीत पडलं होतं तेही सांगितलं. ती काटा हातात धरून ऐकत होती.

"म्हंजे वॉचमन तू बदललास."

"हो."

"नि मानूस आत जित्ता होता."

"हो."

"नि चिट्टी पन तूच लावलेली."

"हो, मावशी."

तिने काटा उंबऱ्यावर ठेवला.

"ते माज्या सासूचे धवले," ती म्हणाली. "मना वाटला, माज्या पोटाच्या धंद्यान खाल्ले. चार दिस मी तिच्या फोटोकडं बगितला नाय."

मी पाया पडायला वाकलो. नाटक नव्हतं, पण माझी सवय अशी की मलाही नक्की कळत नव्हतं. तिने पाय मागे घेतले.

"ता ऱ्हाव दे. त्या दिशी मना एकटीला बोललास काय? सगल्यांना बोललास. मग आता मना एकटीला कानान कशाला सांगतस?"

ती उठली. परत तेच गुडघे, तोच वेळ. दाराबाहेर येऊन तिने गल्लीत हाक मारली. एकच हाक, पण धवलारणीची. दोन्ही बाजूंची दारं उघडली. त्याच बाया. मिक्सरवाली, टीव्हीवाली, वलांडी पुढं घे म्हणणारी. नवरा बदलून मागणारी कोयता हातात घेऊनच आली.

"काय गं, परत मेला काय?" तिने विचारलं आणि दोघी-तिघी हसल्या.

"हा काय सांगतो ता ऐका," म्हातारी म्हणाली आणि भिंतीपाशी जाऊन गुंडाळलेला दोर उचलला. त्याला गाठ पडली होती. ती पायरीवर बसून गाठ सोडवायला लागली.

माझ्यासमोर आठ-दहा बाया उभ्या होत्या. एवढ्या श्रोत्यांपुढे माझ्या अंगात येतं, असं मी वर लिहिलंय. काही आलं नाही. मी म्हटलं की बोंबलांचा काही दोष नव्हता. अर्क वगैरे काही नसतं. मशीन मीच बिघडवलं होतं आणि डिस्क मेलीच नव्हती. हे सगळं मी म्हटलं, पण माझा आवाज पायरीच्या खाली उतरलाच नाही.

"काय बोलतो तो?" मागची एक म्हणाली. "ऐकू नाय येत."

म्हातारीने दोरावरून मान वर केली नाही.

"मोठ्यान बोल," ती म्हणाली. "त्या दिशी बोललास तसा."

मी घसा साफ केला आणि परत पहिल्यापासून सांगायला लागलो.